कासेगावची गेल

वाटेगाव आणि कासेगाव ही सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली दोन गावं. वाटेगावचा तुकाराम भाऊराव साठे हा मुलगा १९३०च्या आगेमागे आईबापांच्या मागोमाग पायी मुंबईची वाट चालू लागला. पुढे अण्णाभाऊ म्हणून तो घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहिला आणि तिथे बसून त्याने वारणाकाठची माणसं कागदावर उतरवली. कासेगावच्या बाबतीत उलटं घडलं. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९४१ साली जन्मलेली एक मुलगी शिकून-सवरून, बर्कलेच्या विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन कासेगावात आली ती परत गेलीच नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी तिथेच तिने शेवटचा श्वास घेतला. गेल ऑम्व्हेट हे तिचं नाव.

वाळव्यातून मुंबईला येणारी वाट आपल्याला पाठ आहे. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतल्या कितीतरी घरांची ती वंशावळच आहे. वाळव्याला जाऊन तिथेच मुरण्याची वाट मात्र फारशी कुणी चाललेलं नाही, आणि पुढची पानं त्या वाटेबद्दल आहेत. परक्या देशातून आलेली बाई महाराष्ट्रातल्या एका गावाची होते, तिथल्या पाण्याच्या, जमिनीच्या, नांदवून न घेतलेल्या बायकांच्या चळवळीत उभी राहते, हे घडतं कसं? ही प्रस्तावना मी उपनगरातल्या वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. गावाबाहेर राहून गावासाठी काही करणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न या वाचकाला दर वर्षी जत्रेच्या तोंडावर पडतो आणि वर्गणीची पावती फाडून तो मिटवला जातो.

या वर्गणीची थट्टा करण्याचा हेतू नाही. गिरणगावात एकेका गावाची एकेक खोली असे. पाळीपाळीने कामावर जाणारे दहा-वीस गडी तिथे वळकट्या टाकत, खाणावळीत जेवत आणि पगारातून गावच्या देवळासाठी, तालमीसाठी बाजूला काढत. त्या खोल्यांतूनच ग्रामस्थ मंडळं उभी राहिली. गिरण्या बंद पडत गेल्या, कुटुंबं उपनगरांत पांगली, पण मंडळं टिकली. गावच्या शाळेच्या वर्गखोल्या, देवळाचे सभामंडप, स्मशानातल्या शेड, नळपाण्याच्या टाक्या यांवर ‘मुंबईकर मंडळाच्या सौजन्याने’ अशी पाटी घाटावरही दिसते आणि कोकणातही. ग्रामपंचायतीची निवडणूक आली की मुंबईहून गाड्या भरून मतदार नेले जातात, आणि एखादा निवृत्त मुंबईकर पॅनेल उभं करून सरपंचही होतो. गावाकडच्या सार्वजनिक जीवनात उपनगरांचा हात आहेच. तो हात कुठे पोहोचतो आणि कुठे आखडतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

तो आखडतो गावच्या भांडणाशी. सभामंडपाला सगळे पैसे देतात, कारण त्यावर वाद नसतो. विहिरीचं पाणी कुणी किती घ्यायचं, गायरानावर कुणाचा हक्क, नवऱ्याने टाकलेल्या बाईला गावठाणात जागा द्यायची की नाही, हे प्रश्न निघाले की मुंबईकर म्हणतो, ‘आपण चार दिवसांचे पाहुणे, कशाला कुणाचं वाईट घ्या?’ माझ्या मते सेवा आणि नेतृत्व यांच्यातली सीमारेषा नेमकी इथे आहे. सेवा भांडणाबाहेर राहून करता येते. नेतृत्व करायचं तर भांडणात उतरावं लागतं, बाजू घ्यावी लागते आणि मग त्याच गल्लीत रोज सकाळी तोंड दाखवावं लागतं. गेल ऑम्व्हेट यांचं आयुष्य मला या कसोटीवर वाचावंसं वाटतं.

त्यांच्या आधीही या मुलखात बाहेरून माणसं आली होती. मिरजेला १८९४ साली विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या डॉक्टराने मिशन इस्पितळ उभारलं. मिरजेचं नाव वैद्यकीय उपचारांसाठी दूरवर पोचलं त्याचा पाया तिथे आहे, आणि वॉनलेसवाडीच्या रूपाने त्यांचं नाव अजून नकाशावर आहे. ही निखळ सेवा होती. गावगाड्याची रचना बदलणं हे तिचं काम नव्हतं आणि तसा तिचा दावाही नव्हता.

दुसरं उदाहरण त्याहून नवलाचं. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा ज्यू इंजिनियर नोकरीसाठी बंगळूरला आला, गांधींच्या सहवासात गेला, भारतानंद या नावाने वावरू लागला आणि औंध संस्थानात येऊन पोचला. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि हा पोलिश माणूस यांच्या खटपटीतून, गांधींच्या सल्ल्याने, औंधची १९३९ची राज्यघटना आली. बहात्तर गावांच्या त्या चिमुकल्या संस्थानात सत्तेचा पाया ग्रामपंचायतीत घातला गेला. आटपाडी हा याच संस्थानाचा मुलूख. आटपाडीजवळ कैद्यांसाठी स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली वसाहत निघाली, त्यामागेही फ्रीडमन होते. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७चा चित्रपट त्याच प्रयोगावर बेतलेला आहे, आणि त्याची कथा आटपाडीच्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांची. संस्थान विलीन झालं, ग्रामपंचायतींच्या राज्याचा प्रयोग थांबला. फ्रीडमन यांचं उत्तरायुष्य मुंबईत गेलं आणि तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचं काम मोठं होतं, पण ते राजाच्या शेजारी बसून केलेलं होतं. राजा गेला तसं त्यामागचं बळही गेलं.

गेल ऑम्व्हेट यांच्यामागे ना मिशन होतं ना राजा. त्या आल्या विद्यार्थिनी म्हणून. साठच्या दशकात त्या एकदा भारतात येऊन गेल्या होत्या. त्या वेळी अमेरिकेतल्या विद्यापीठांत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध, वर्णभेदाविरुद्ध, स्त्रियांच्या हक्कांसाठी तरुण पिढी रस्त्यावर होती आणि बर्कले हे त्याचं मोठं केंद्र होतं. त्या वातावरणातून १९७०च्या सुमारास त्या संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या आणि त्यांनी विषय घेतला सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा. ही निवड त्या काळात किती वेगळी होती हे आज पटकन लक्षात येत नाही. जोतीराव फुल्यांचं समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली १९६९ साली नुकतं बाहेर पडलं होतं. इंग्रजी अभ्यासविश्वात फुले जवळजवळ नव्हतेच. महाराष्ट्राचा सुधारणेचा इतिहास रानडे, आगरकर, टिळक, गोखले यांच्या नावांनी सांगितला जाई. १९७१ साली ऑम्व्हेट यांनी फुल्यांच्या क्रांतिविचारावर इंग्रजीत लेख लिहिला आणि १९७३ साली १८७३ ते १९३० या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध पुरा केला. तो १९७६ साली मुंबईतून पुस्तकरूपाने निघाला. पुढच्या अभ्यासकांना हे पुस्तक टाळून जाता आलेलं नाही.

या संशोधनाची एक बाजू नीट पाहिली पाहिजे. सत्यशोधक चळवळ म्हणजे जलसे, खेड्यातल्या सभा, भटाविना लावलेली लग्नं, कुळांची बंडं. तिची कागदपत्रं पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत पुरती सापडत नाहीत. ती शोधायला गावं पालथी घालावी लागतात, मराठी वाचावं आणि बोलावं लागतं. ऑम्व्हेट मराठी शिकल्या, आणि त्या मराठीच्या आधाराने पुढे त्यांनी सभांत भाषणं केली, बायकांच्या बैठका घेतल्या, भारत पाटणकरांच्या बरोबरीने तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. संशोधनासाठी शिकलेली भाषा बहुतेक वेळा संशोधनाबरोबर संपते. त्यांची भाषा पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं रोजच्या वापरात राहिली.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. महाराष्ट्र नुकताच १९७२च्या दुष्काळातून उठला होता. त्या दुष्काळात बायका लाखोंच्या संख्येने खडी फोडायला आणि माती वाहायला घराबाहेर पडल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक मोर्च्यांतही पुढे होत्या. ऑम्व्हेट यांनी शेतमजूर बायका, गिरणगावातल्या कामगार बायका, दलित बायका आणि शहरातल्या शिकलेल्या कार्यकर्त्या यांच्या सभांतून, मोर्च्यांतून फिरून जे पाहिलं त्याचं इंग्रजी पुस्तक केलं. ‘वुई विल स्मॅश धिस प्रिझन’ या नावाने ते १९८०च्या सुमारास प्रसिद्ध झालं. याच काळात त्यांची भारत पाटणकरांशी गाठ पडली. पाटणकर डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन पूर्णवेळ चळवळीत आलेले. १९७६ साली दोघांनी लग्न केलं आणि गेल कासेगावच्या सून झाल्या.

या घराबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वाळवा तालुका म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचा बालेकिल्ला. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र याच तालुक्यातलं आणि नागनाथअण्णा नायकवडींचं वाळवाही इथलंच. कासेगावचे बाबूजी पाटणकर आणि इंदुताई पाटणकर या लढ्यातले कार्यकर्ते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच, १९५२ साली, बाबूजींचा खून झाला, तेव्हा भारत अगदी लहान होते. इंदुताई मागे हटल्या नाहीत. नवरा मारला गेल्यावरही गावातच राहून गुंडगिरीच्या आणि अन्यायाच्या विरोधात बोलत राहणारी बाई गेल यांना सासू म्हणून मिळाली. परदेशातून आलेल्या सुनेला गावाने कसं स्वीकारलं, असं कुणी विचारलं तर मी उत्तराची सुरुवात इंदुताईंपासून करीन. गावात शिरायला दार लागतं, आणि गेल यांना ते त्या सासूने उघडून दिलं. सुनेने मात्र त्या दाराआड घर केलं नाही. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

१९८३ साली गेल यांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. आपल्या उपनगरांतल्या सोसायट्यांत आज प्रत्येक मजल्यावर एखाददुसरं घर ग्रीन कार्डाची वाट पाहत असतं. तिथे बसून या निर्णयाचं वजन कळायला थोडा वेळ लागतो. त्यात भावना होतीच, पण व्यवहारही होता. परदेशी नागरिक आंदोलनात उतरला तर सरकारला त्याच्याशी वाद घालण्याची गरज नसते, व्हिसा नाकारला की विषय संपतो. नागरिकाला फार तर अटक करता येते. गावच्या भांडणात उतरायचं तर गावकऱ्यांना जो धोका आहे तोच आपल्यालाही असला पाहिजे, परतीचं तिकीट खिशात असता कामा नये. त्यांच्या निर्णयात मला ही निष्ठा दिसते.

आता मुंबईकडे वळू, कारण पुढची गोष्ट इथूनच सुरू होते. घाटकोपरच्या पंतनगरात एक डॉक्टर दवाखाना चालवत. मालवणजवळच्या देवबागहून आलेले. आसपासच्या दगडखाणींतले मजूर त्यांच्याकडे औषधाला येत, आणि औषधाने बरं न होणारं दुखणं पाहून डॉक्टर युनियनमध्ये शिरले. हे दत्ता सामंत. त्यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप मुंबईत कसा विरला हे आपण पुष्कळ वाचलं आहे. संपातले कामगार गावी गेल्यावर तिथे काय झालं, हे त्या मानाने फारच कमी लिहिलं गेलं.

सांगली जिल्ह्याच्या उत्तरेचा खानापूर तालुका हा पावसाच्या सावलीतला. इथले लोक पिढ्यान् पिढ्या बाहेर गेले, कुणी सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगले, कुणी मुंबईच्या गिरण्यांत. संपाच्या काळात गिरणी कामगार गावी परतले तेव्हा तालुक्यात दुष्काळ होता आणि माणसं रोजगार हमीवर खडी फोडत होती. युनियनची सवय असलेल्या या माणसांनी रोजगार हमीच्या मजुरीचे प्रश्न हाती घेतले. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर गिरणी कामगारांत काम केलेले, त्यामुळे धागा आधीच जुळलेला होता. १९८०मध्ये स्थापन झालेलं श्रमिक मुक्ती दल, परतलेले कामगार, विट्याच्या महाविद्यालयातली मुलं आणि लोकविज्ञान संघटनेचे कार्यकर्ते एकत्र आले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : दर दुष्काळात आम्ही खडी फोडतो, दुष्काळ मात्र हटत नाही, मग त्याच मजुरीत दुष्काळ हटवणारी कामं का निघत नाहीत?

या प्रश्नातून जे उभं राहिलं ते बळीराजा धरण. येरळा ही कृष्णेची उपनदी, पावसाळा सोडला तर वाळूचं कोरडं पात्र. पण ती वाळू निरुपयोगी नसते. तिच्यात पाणी मुरून राहतं आणि त्यावर काठच्या विहिरी जगतात. शहरांतल्या बांधकामांसाठी ठेकेदार ट्रकच्या ट्रक वाळू उपसू लागले तशा विहिरी खाली गेल्या. लिलावाचा पैसा सरकारी तिजोरीत, नफा ठेकेदाराच्या खिशात आणि कोरडी विहीर गावाच्या वाट्याला, असा हिशोब. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी तो उलटवला. ठेकेदाराचा उपसा थांबवा, गावाला मर्यादित वाळू विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधू, अशी मागणी त्यांनी केली. बलवडीचे संपतराव पवार या लढ्यात आघाडीवर होते. सरकार सहजी तयार झालं नाही. मोर्चे झाले, अर्ज झाले, हितचिंतकांकडून उसने पैसे उभे केले गेले, मुलांनी श्रमदान केलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लोकांनी बांधलेलं धरण उभं राहिलं.

भिंतीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो पाणी वाटण्याचा नियम. पाटाच्या पाण्याचा आपल्याकडचा रिवाज असा की ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याला जमीन नाही त्याने बांधावरून बघत राहावं. बळीराजा धरणाने पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडवला. भूमिहीन कुटुंबालाही वाटा. त्याने तो वाटा दुसऱ्याच्या शेताला देऊन पिकात भागीदारी करावी. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या धुराड्यांच्या नजरेच्या टप्प्यात, ऊस नाही म्हणणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथे गावाला ठरवायचं होतं की पाणी कुणाचं. त्यावर भांडण होणारच होतं, आणि ते करण्याची तयारी होती म्हणून नियम टिकला. पुढे १९९३पासून नागनाथअण्णांच्या पुढाकाराने दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली आणि आटपाडीच्या पाणी परिषदांत समन्यायी वाटपाची मागणी वर्षानुवर्षं मांडली गेली. तिचं एक मूळ येरळेच्या वाळूत आहे.

गेल ऑम्व्हेट यांनी धरण बांधलं नाही. कोणत्याही चरित्रलेखनात होणारा मोह इथेही होऊ शकतो, म्हणून हे स्पष्ट लिहितो. धरण गावकऱ्यांनी बांधलं. गेल तिथे होत्या, बैठकांना बसत होत्या, मोर्च्यांत चालत होत्या, आणि जे घडतं आहे त्याचा अर्थ लावून ते जगापुढे मांडत होत्या. खानापूर तालुक्यातला दुष्काळ, रोजगार हमी, वाळू आणि पाणीवाटप हे विषय इंग्रजी नियतकालिकांत अभ्यासपूर्ण रीतीने पोचले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. गावाला लढायला माणसं लागतात तशी साक्षीदारही लागतात, नाहीतर लढा तालुक्याच्या हद्दीत संपतो.

बायकांच्या प्रश्नावर मात्र त्या पुढे होत्या. नवऱ्याने टाकलेली बाई गावात कशी जगते, हे कुणाला माहीत नसतं? माहेरी भावाच्या संसारात ती ओझं ठरते. रेशनकार्ड नवऱ्याच्या किंवा भावाच्या नावावर, घर नावावर नाही, पोटगीसाठी कोर्टात खेपा घालायच्या तर एसटीच्या भाड्यापासून अडचण. पंचांना विचारावं तर ‘नांदायला जा’ एवढंच उत्तर. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने ऐंशीच्या दशकात परित्यक्तांच्या परिषदा घेतल्या आणि मागण्या अगदी हाताला लागतील अशा ठेवल्या : बाईच्या नावावर रेशनकार्ड, राहायला गावठाणात जागा, पोटगी. वाळवा तालुक्यातल्या बहे गावात घरासाठी जागेच्या मागणीचा लढा झाला. सभामंडपासाठी वर्गणी काढणाऱ्या मंडळांनी या बायकांसाठी कधी पावती पुस्तक छापलं का, हा प्रश्न मी इथे नोंदवून ठेवतो.

त्याच काळात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करावा, असं आवाहन केलं. गेल यांना या घडामोडींचं मोल वाटलं आणि त्यांनी त्यांच्याविषयी आपुलकीने लिहिलं. डाव्या चळवळीतल्या पुष्कळ साथींना ते रुचलं नाही. खुल्या अर्थव्यवस्थेविषयीची त्यांची मतं तर अनेकांना अजिबात पटली नाहीत. नर्मदा धरणाच्या वादात त्यांनी १९९९ साली अरुंधती रॉय यांना अनावृत पत्र लिहिलं. धरणांना सरसकट विरोध करताना दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याच्या तहानेचं काय, असा त्याचा रोख होता. पर्यावरणवादी मित्र दुखावले. पण खानापूर-आटपाडीत वावरणाऱ्या बाईने दुसरं काय म्हणायला हवं होतं? ज्यांना पाणी हवं होतं, त्या माणसांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांचं म्हणणं आपल्याला पटो न पटो, ते कुठे उभं राहून म्हटलेलं आहे हे ध्यानात घ्यावं लागतं.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मोठं चित्र मांडण्याच्या ओघात कधी कधी त्या फार झपाट्याने निष्कर्षाला येतात. बहुजन चळवळीतल्या आतल्या ताणांपेक्षा तिच्या शक्यतांवर त्यांचा भर अधिक राहिला, असा आक्षेप घेता येतो. शेतकरी संघटनेकडून त्यांनी ठेवलेल्या काही अपेक्षा काळाने खऱ्या ठरवल्या नाहीत. तरीही ‘दलित्स अँड द डेमोक्रॅटिक रिव्होल्यूशन’ (१९९४), बौद्ध धम्माच्या भारतीय इतिहासावरचं २००३चं पुस्तक आणि संतांपासून आंबेडकरांपर्यंतच्या जातिविरोधी विचारवंतांचं स्वप्न उलगडणारं ‘सीकिंग बेगमपुरा’ (२००८) ही पुस्तकं वाचल्याशिवाय महाराष्ट्राच्या गेल्या दीडशे वर्षांचा हिशोब पुरा होत नाही. विद्यापीठांतली अध्यासनं, फेलोशिप त्यांना मिळाल्या, त्यासाठी त्या बाहेरगावी राहिल्याही. पत्ता मात्र कासेगावचाच राहिला.

पुढची पानं चाळताना उपनगरातल्या वाचकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावं अशी माझी सूचना आहे. या गोष्टीत बाहेरून आलेली माणसं एक नव्हे, अनेक आहेत. गेल अमेरिकेतून आल्या, तसे खानापूरचे गिरणी कामगारही मुंबईतून आले. पंचवीस वर्षं लालबाग-परळला काढून गावी गेलेला माणूस गावाला जवळपास परकाच असतो. त्याची शेती भाऊ करत असतो, बांध सरकलेला असतो, मुलं मुंबईची बोली बोलत असतात. या दोन परक्यांनी गावाला दोन वेगळ्या गोष्टी दिल्या. कामगारांनी संघटना बांधायची रीत आणली, गेल यांनी अभ्यासाची शिस्त आणि जगाकडे उघडणारी खिडकी आणली. दोघांनीही गावाचाच प्रश्न हाती घेतला. आपला प्रश्न गावावर लादला नाही. आणि दोघांनीही नेतृत्वाची जागा गावातल्या माणसांबरोबर वाटून घेतली. बाहेरचा माणूस नेता होतो तेव्हा बहुधा तो गावाला अनुयायी करून सोडतो आणि त्याच्या मागे काही उरत नाही. इथे माणसं उरली, नियम उरला, पाणी परिषद उरली.

परका माणूस गावचा कधी होतो, याची गावाकडे दोन मापं असतात. एक म्हणजे तो किती देतो. दुसरं म्हणजे तो कुणाच्या बाजूने उभा राहतो. पहिल्या मापात आपली मंडळं नेहमीच भरून पावली आहेत, आणि देणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं हेही ठीकच आहे. दुसऱ्या मापात उतरण्यासाठी पैसा फारसा लागत नाही, पण संबंध ताणले जातात, भावकी तुटते, पुढच्या जत्रेला कुणी पाणी विचारील की नाही याची खात्री राहत नाही. ही किंमत गेल ऑम्व्हेट यांनी मोजली. त्यांच्या सासूने त्याहून मोठी मोजली होती.

वाचकाला शेवटी एकच विनंती. महाराष्ट्रात ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात, आणि हे चारही दिवस मुंबईत सुट्टीचे असतात. यंदा जत्रेबरोबर यांतल्या एका ग्रामसभेलाही जा. तुमचं नाव मुंबईच्या मतदारयादीत असेल तर ठरावावर तुम्हाला हात वर करता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण कडेला बसून ऐका. पाण्याचा विषय निघाला की कोण बोलतो आणि कोण गप्प राहतो ते पाहा. गावात टाकलेल्या बायका किती आणि त्यांच्या नावावर घर आहे का, हे विचारा. त्यानंतर मंडळाची सभा बोलवा आणि तिथे हा विषय मांडा. वाद होईल, तो होऊ द्या.